बायोडाट्यातले चार इंच

नाही वं ताई, तुही रितिका उंच होऊन राहिली याचा दोष माह्यावर टाकू नको. मी तिले लहानपणी खांद्यावर नाचवलं म्हणून ती वाढली, हे सासूबाईंचं म्हणणं तू काहून मान्य करून राहिली? मी इथं गोदामात रोज दोनशे पोते खांद्यावर नेतो. एकही पोतं वीतभर वाढलं नाही.

असो. ताईले अंकितचा नमस्कार. होसूरले मी बरा आहे. भाऊजी, सासूबाई खुशाल असतील, पोरीले पापा. (फोनच केला असता, पण तुह्या घरी स्पीकर लावूनच बोलतात, आन हे सासूबाईंनी ऐकण्यासारखं नाही. म्हणून पत्र, तेही आईच्या पत्त्यावर.)

तू लिवलं, डॉक्टरनं पोरीले मोजलं. आठव्या वर्षी चार फूट सात इंच. मग विचारलं, पहिल्यापासून उंच का अचानक वाढली? मायबापाची उंची किती? तुह्या आधी सासूबाईच ठसक्यात बोलल्या, "पोरगा पाच आठ, सून पाच चार. बायोडाट्यात लिवलं आहे ना!" डॉक्टर कोड्यात पडले. म्हणे मग पोरगी येवढी कशी? डाव्या मनगटाचा एक्सरे काढा, हाडाचं वय पाहू, रक्तही तपासू. तवापासून घरात पोरीचं दूध बंद, दोरीवरच्या उड्या बंद, आन तू रडून राहिली.

ताई, तुह्या लग्नाचा तो बायोडाटा सीताबर्डीत मीच टाइप करवला होता. तू पाच फूट आठ. आई म्हणे येवढी उंच पोरगी कोण करते, म्हणून चार इंच मी कापले. लग्नात हार घालताना तू वाकली, तं लोक म्हणाले, केवढी लाजरी! दहा वर्षं झाले, वाकूनच चालून राहिली. सासूबाईंले वाटते सुनेची कंबर दुखते.

आता डॉक्टरकडे चपला काढून, भिंतीले पाठ लावून सरळ उभी राय. भाऊजींलेही मोजू दे. पोरगी तुह्याच वळणावर गेली, मले वाटते. पण एक्सरे टाळू नको, मी काही डॉक्टर नाही. दूध मात्र आजच चालू कर. आपल्या खोट्यापायी लेकरू काहून उपाशी?

तुहा लहाना भाऊ,
अंकित

ता. क. आई माह्या लग्नाचा बायोडाटा करून राहिली. तिले सांग, उंची सहा फूट एक, खरीच लिवजो. शिक्षण तेवढं बारावी लिव. (नववी नापास मोजाले कोणता डॉक्टर फूटपट्टी घेऊन येते?)

आणखी ता. क. सासूबाईंले सांगताना माहं नाव घेऊ नको, टायपिंगवाल्याचं घे. एक्सरेसाठी पाठवून राहिलो, रुपये बाराशे.