रोजचं व्रत

प्रिय आत्या,

तू गेल्यापासून व्रतवैकल्यांचं विचारायचं कुणाला, तेच कळत नाही.

माझ्या वर्गातली विमला चिरगाँवहून बसनं कॉलेजला येते. मी डबा पुढे केला की म्हणते, "मॅडमजी, आज मेरा व्रत है." सोमवारी शंकराचं, मंगळवारी हनुमानाचं, रोज कुणाचं तरी. मला मेलीला कौतुकच वाटायचं! परवा अष्टमीला कुमारिका म्हणून तिला घरी जेवायला बोलावलं. तेव्हा मात्र व्रत नव्हतं. पानातलं मीठसुद्धा तिनं बोटानं चाटून खाल्लं.

आता नवरात्र संपलं. नुसतंच जेवायला बोलावलं तर ती येणार नाही, आणि मला घास उतरत नाही.

वर्षभर रोज कुमारिका जेवू घालायची, असं एखादं व्रत आहे का गं? नसेल, तर तुझं नाव घेऊन तिला खोटंच सांगू?

तुझीच,
लीला