बोटावरचा आकडा

१२ नोव्हेंबर
राजगुरुनगरहून तळवड्याला आले. माझ्या पोराचा, धम्मपालचा फ्लॅट झकास आहे. लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी येतं, गुडघ्यांना सुटी. नात नेहा सहा वर्षांची. न्यूमोनियानं फुप्फुसं खराब झाली, महिन्यानं दवाखान्यातून घरी आणलीय. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, बोटाला चिमटा आणि त्यावर आकडा. नव्वदच्या खाली उतरला तर डॉक्टरला फोन करायचा, हे सुनेनं मला तीनदा सांगितलं. स्वरूपा मला बैल समजते. मटण मात्र चांगलं करते.

१४ नोव्हेंबर
दोघं भांडतात. तो म्हणतो, तापात पोरीला शाळेत तू धाडलीस. ती म्हणते, तू तेव्हा चाकणला ओव्हरटाइमच्या नावाखाली झोपा काढत होतास. टीव्ही लावायची गरज नाही. मधेच नेहानं खिचडी मागितली. आकडा सत्त्याण्णव.

१७ नोव्हेंबर
दोघांना दटावून खाली चहाला पाठवलं. एका पुडीतली भजी खात, हसत वर आले. नेहाचे ओठ जांभळे. पंच्याऐंशी. लक्ष कुणी ठेवायचं यावरून दोघं एकमेकांच्या अंगावर धावले, आणि फोन लागायच्या आत पोर गुलाबी झाली.

१९ नोव्हेंबर
पुन्हा बघितलं. दोघं गोडीत आले की आकडा उतरतो, भांडले की चढतो. डॉक्टर मला वेड्यात काढेल. मग सुनेला सांगितलं, धम्मपाल म्हणतो पोर गेलीच समजा, दुसरं होऊ दे. त्याला सांगितलं, ती माहेरी तुला नामर्द म्हणते. दोन्ही खोटं. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. अठ्ठ्याण्णव.

२३ नोव्हेंबर
मशीन बंद, बोटाचा चिमटा तेवढा राहिलाय. डॉक्टर खूश. स्वरूपाचा ओठ फाटलाय. फाटू दे, पोर भाकरी खातेय. नेहा हळूच विचारत होती, आजी, आज त्यांना काय सांगशील?

२६ नोव्हेंबर
माझं खोटं फुटलं. दोघं शेजारी बसून म्हणाले, आई, बॅग भर. त्यानं तिचा हात धरला होता. आत नेहा — ऐंशी — मी खरं काय ते सांगितलं, तुम्ही भांडलात तरच पोरीचा श्वास चालतो. दोघं एकदम हसले.
धम्मपालला बाजूला घेतलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हणाले, ही तुझी नाही.

दुपारी
स्वरूपा आत, त्यानं स्वयंपाकघराचं दार लावलं. भांडी पडतायत. नव्वद — सत्त्याण्णव — शंभर. नेहा उठून बसली. हसतेय.
आता आवाज नाही.
तो बाहेर आला. ती उठत नाही म्हणतो.
एक्क्याण्णव —
अरे उठव तिला. शिव्या घाल. मेल्या, भांड तिच्याशी —
ब्याऐंशी — भांड —