पन्नास दिवसांची अट

दि. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी प्रकृतीची चौकशी करायची असते हे मला कळतं, पण पोटात राहीना. आज बारावा दिवस. बारा दिवसांत एकही सिगारेट नाही, ताई. दिवसाला वीस ओढणारा मी! मालक दुकानातल्या कॅलेंडरवर माझ्यासाठी रोज फुली मारतात आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगतात की आमचा भिंगं घासणारा सुधारला. लाज वाटते, पण बरंही वाटतं.

पहिले पाच दिवस हात इतके थरथरत होते की दोन भिंगं कडेला फुटली. आता जमतंय. तीन जिने एका दमात चढतो. नाकाला वास यायला लागलेत. माझ्याच कोटाला किती घाण मारते ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या सिगारेटने आपल्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकाचा लोकरी कोट जळला, त्या दिवशी बाबा म्हणाले होते की सलग पन्नास दिवस सोडून दाखव, मगच या घरात पाऊल टाक. तेव्हा मी हसून निघून आलो. आता त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली हे तुझ्या पत्रात वाचलं आणि हसू पळालं. ते बोलताहेत तोवर मला त्यांना भेटायचं आहे. एकोणीस एप्रिलला पन्नास होतात. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझी माया आहेच, ती आटू नये.
तुझा धाकटा


दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बारा दिवस म्हणजे गल्लीच्या तोंडाशी कमान उभारावी की बँड सांगावा, या विचारात आहे. शाळेतही पहिल्या चाचणीत बरे मार्क पडले की तू वर्गात पहिला आल्यासारखा हिंडायचास. वार्षिक परीक्षेचं काय व्हायचं ते मी तुला सांगायला नको.

एक ध्यानात ठेव. तू एक वाईट गोष्ट करायचा थांबलास, कुणाचं भलं केलेलं नाहीस. मी सकाळी उठून बाबांना उशीला टेकवून बसवते, पाठ चोळते, थुंकीचं भांडं धुते, मग खाली दुकानात मशीनवर बसते. तासातासाला कात्री ठेवून सिलिंडरचा काटा बघायला वर पळते. असे माझे किती दिवस झाले याच्या फुल्या कुठल्याही कॅलेंडरवर नाहीत.

पत्र वाचून दाखवलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. हुरळून जाऊ नकोस.

आशीर्वाद आहेत, जपून वापर.
तुझी ताई


दि. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तेवीस! तुझी थट्टा मला लागत नाही, मी आता पक्का झालो आहे. काल शेजारच्या घड्याळवाल्याने नेहमीसारखं पाकीट पुढे केलं आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. तो म्हणाला की तुझ्या जागी मी असतो तर वेडा झालो असतो. हे बाबांना आवर्जून सांग.

एकच तक्रार आहे. भूक फार लागते आणि पोट सुटलंय. खाकी पॅन्ट पोस्टाने पाठवू का? कमरेला दोन बोटं सोडून दे. तुझ्या हाताची सर इथल्या शिंप्याला नाही. आणि बाबांच्या पलंगासमोर एक कागद चिकटव, त्यावर माझे दिवस लिहीत जा. बघून त्यांना हुरूप येईल.

अशीच ओढ ठेव.
तुझा धाकटा


दि. २९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पॅन्ट पाठवू नकोस. कागदही चिकटवला नाही. त्या भिंतीवर औषधांच्या वेळा आहेत.

बाबांना आता एका श्वासात तीनच शब्द बोलता येतात. चौथ्याला दम लागतो. डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की महिन्यांचा हिशोब सोडा. एकोणीस तारीख मात्र बाबांच्या लक्षात आहे. रोज मला आजची तारीख विचारतात आणि मी सांगितली की मान हलवतात. सहा वर्षं मी त्यांच्या उशाशी आहे, माझी वाट बघायची त्यांना कधी गरज पडली नाही.

मला विचारशील तर तुला हे जमणार नाही. जमलं नाही तर लगेच कळव, म्हणजे मी त्यांना उगाच ताटकळत ठेवणार नाही.

आहे तो लोभ आहे.
तुझी ताई


दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकतीस तारखेला मिळालं. दुकानाच्या पायरीवर उभ्याने वाचलं. घड्याळवाला शेजारी ओढत उभा होता. मी त्याच्या बोटांतून घेतली आणि दोन झुरके मारले. मग फेकली आणि नळाखाली तोंड धुतलं. कुणाला कळलंही नाही. मालकांनी त्या दिवसाची फुली मारून टाकली होती.

गप्प बसता आलं असतं. पण आपण शिंप्याची पोरं. कॉलरचा एक टाका चुकला म्हणून तेवढाच सोडवलेला बाबांनी कधी खपवून घेतला का? अख्खी कॉलर उसवायला लावायचे. मी एकतीसच्या एकतीस फुल्या खोडल्या आणि एक एप्रिलपासून नव्याने सुरुवात केली. आता पन्नास होतील वीस मेला.

खरं सांगू? एकतीस दिवसांपेक्षा या उसवण्याचा मला जास्त अभिमान वाटतो. बाबांनाही वाटेल. हे त्यांना जसंच्या तसं वाचून दाखव. फक्त एक भीती आहे की तोवर फार उशीर होईल. त्यांनी दोन झुरके माफ केले तर लगेच कळव, मी त्याच दिवशी निघतो. तुझ्या उत्तराची वाट बघतो.

माझ्यावरचा राग कमी कर, एवढंच मागणं.
तुझा धाकटा


दि. ८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उसवलंस ते बरं केलंस. पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. बाबांचा नियम आहे, तो मोडणारी मी कोण? वीस मेला ये. गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, म्हणून इथेच थांबते.

तुझी ताई


दि. २ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबा सत्तावीस एप्रिलला सकाळी गेले. पुढचं सगळं उरकलं. तुझ्या मालकांच्या दुकानाचा नंबर माझ्याकडे होता. मी फिरवला नाही.

तुझं ते उसवल्याचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाबा रडले. मग तीन तीन शब्द करत त्यांनी मला सांगितलं की पन्नासचं राहू दे, त्याला आजच बोलाव. दुसऱ्या दिवशी विचारलं की पत्र टाकलंस का. मी हो म्हणाले. त्यानंतर एकोणीस दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की ते दाराकडे बघायचे. बहुतेक वेळा मीच असायचे, सिलिंडरचा काटा बघायला आलेली. मला बघून ते तोंड फिरवायचे.

मला पश्चात्ताप वाटायला हवा, पण वाटतो तो राग. तू तुझ्या दिवसांचं कौतुक मागितलंस आणि तुला ते मिळालं. माझ्या सहा वर्षांना त्यांनी एकदाही बरं केलंस म्हटलं नाही. तुझ्या एकतीस दिवसांसाठी मात्र रडले, आणि तेही फुकट गेलेल्या. तुला खोटंच लिहीत राहता आलं असतं. पण तू तुझे दोन झुरके सांगितलेस, तेव्हा मीही माझं सांगून टाकते.

बहिणीवरचं प्रेम कमी करू नकोस, ही विनंती.
तुझी ताई


दि. २० मे

ताईस,

आज पन्नास पूर्ण झाले. तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा पेटवली असेल असं तुला वाटलं असणार. पेटवली नाही. घड्याळवाल्याने स्वतःहून पाकीट पुढे केलं होतं, तेही परत केलं. तेवढं समाधान तुला मिळू द्यायचं नव्हतं.

आठ तारखेला मी तिथे येऊन गेलो. दुकानासमोरच्या फुटपाथवर तासभर उभा होतो. तू मशीनवर होतीस, तोंडात टाचण्या धरून. वरची खिडकी बंद होती. माझा अडतिसावा दिवस होता, म्हणून आत आलो नाही.

आता अट पुरी झाली आहे. त्या घरात पाऊल टाकायला मला कसलीच आडकाठी नाही. पण भेटावं असं तिथे कुणी उरलेलं नाही. तू आहेस हे विसरून लिहिलेलं नाही, तुला धरूनच लिहिलं आहे.

धाकटा