कानावर आलेलं

आई,

सकाळी तू टेलिफोन एक्स्चेंजमधून ड्यूटी संपवून यायचीस तेव्हा तुझा डावा कान लाल झालेला असायचा. हेडफोन घट्ट बसायचा म्हणून. मी शाळेचा युनिफॉर्म घालून, रिबिनी हातात घेऊन वाट बघत असायचे. तू पाटावर बसायचीस, मी तुझ्याकडे पाठ करून बसायचे, आणि माझ्या वेण्या घालता घालता तू मान वाकडी करून स्टोव्हवरच्या चहाकडे लक्ष ठेवायचीस. बोलायची मात्र नाहीस. रात्रभर लोकांना लोकांशी जोडून दिल्यावर स्वतः बोलायचा तुला कंटाळा येत असावा. मला ती शांतता आवडायची. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सतत 'स्पीक अप, चाइल्ड' म्हणायच्या. घरात तसं कुणी म्हणत नव्हतं.

मी नोकरी सोडली, आई. गेल्या वर्षी. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी हे तुला सांगायचं मी वर्षभर टाळलं. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला नोकरी लागली आणि तिच्यावर आपण दोघी जगलो. मला अमेरिकेत इन्शुरन्स कंपनीत काम मिळालं तेव्हा फोनवर तू एकच विचारलंस, "पेन्शन आहे का?" चोवीस वर्षं मी त्या ऑफिसात होते. अपघात झालेल्या माणसांचे जबाब रेकॉर्ड केलेले असायचे, ते ऐकून मी त्यांचा सारांश टाइप करायचे. कुणी रडलं की लिहायचं, 'अर्जदार भावनावश झाले,' आणि पुढची ओळ. एके दिवशी एका जबाबात एक म्हातारा मध्येच थांबला आणि बायकोला म्हणाला, "गॅस बंद कर, करपतंय." सारांशात त्याची जागा नव्हती. पण मला ते स्वयंपाकघर बघायचं होतं. काय करपत होतं तेही. घरी येऊनही ते डोक्यातून जाईना. याच कारणावरून माणूस एकोणसाठाव्या वर्षी फिल्म शिकायला जातो का, असं तू विचारशील. दुसरं कारण मात्र सापडत नाही.

जावई तुझा काही बोलला नाही. म्हणजे बोलला, "पेन्शनपर्यंत तीन वर्षं थांबली असतीस तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो मी." एवढंच तो रोज म्हणायचा. लेकीनं फोनवर विचारलं, "मॉम, आर यू ओके? लाइक, रिअली ओके?" इथल्या भारतीय बाजारात, ओक ट्री रोडवर, भाजी घेताना भेटलेल्या एक वहिनी मनापासून खूश झाल्या. "अगं छान की. मग आमच्या नातवाच्या मुंजीचं शूटिंग तूच कर. घरचं माणूस असलं की बरं." मी हो म्हणून बसले. वर्गात सगळी माझ्या लेकीपेक्षा लहान मुलं आहेत आणि प्रोफेसर चौतीस वर्षांच्या. त्या मला नावानं हाक मारतात. मी अजून 'मॅम' म्हणते आणि वर्ग हसतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. या सत्रात एका माणसाच्या रोजच्या कामावर दहा मिनिटांची फिल्म करायची होती. जवळच्या एडिसन गावात आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, नागपूरच्या, ऐंशीच्या घरातल्या. मुलगा-सून सकाळी सातला कामावर जातात, आणि काकू दिवसभर घर सांभाळतात. मी त्यांचं मेथी निवडणं घ्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मी कॅमेरा लावला आणि त्यांनी खुर्ची ओढली. "आधी खाऊन घे. उपाशी बाईनं काढलेला फोटो चांगला येत नाही." मग पोहे. मग चहा. ऊन सरकलं तरी आम्ही खातच होतो. अशा तीन सकाळी गेल्या. कॅमेऱ्यासमोर त्या छान बोलत. मुलगा कसा जपतो, सून कशी नवे स्वेटर आणते, इथं धूळ कशी नाही. मला ते सगळं खरं वाटलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन वाजला. नागपूरहून बहीण. त्या फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. माइक स्वेटरला लावलेला तसाच राहिला. त्याला वायर नसते, आई. माणूस विसरून जातो. माझ्या कानात हेडफोन होते. "मला इथून ने," काकू म्हणत होत्या. "नाही, त्रास कुणी देत नाही. त्रास दिला असता तर भांडले तरी असते. मला दिवसभरात कुणी विचारतच नाही काही. ती एक बाई येते कॅमेरा घेऊन, तिच्यासमोर मी सुखी असल्याचं सांगते. सांगताना खरंच वाटतं गं. ती गेली की परत तेच. पोराला मात्र बोलू नकोस, त्याच्या जिवाला लागेल."

मी हेडफोन काढले नाहीत. उलट रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची पातळी नीट येतेय का ते पाहिलं. येत होती.

एकदा सुट्टीच्या दिवशी तू मला एक्स्चेंजमध्ये नेलं होतंस, आठवतं? बोर्डवर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गंमत म्हणून माझ्या डोक्यावर हेडफोन चढवलास. आपल्या गल्लीतला कापडवाला मुंबईला भावाशी बोलत होता, मुलीचं लग्न मोडल्याचं. मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. तू मला मारलं नाहीस. समोर बसवून म्हणालीस, "आपलं काम जोडून द्यायचं. बोलतात ते त्यांचं असतं." आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारख्या वेण्या घातल्यास. त्यानंतर त्या दुकानावरून जाताना तू पदर डोक्यावर घ्यायचीस. शाळेत शनिवारी कॅथलिक मुली चॅपलमध्ये जाऊन पडद्याआडच्या फादरना आपल्या चुका सांगून, माफी घेऊन यायच्या आणि बाहेर येऊन लगेच लंगडी खेळायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

प्रोफेसरांना मी ते रेकॉर्डिंग ऐकवलं, सबटायटल करून. का ऐकवलं? काय करू, एवढंच विचारायचं होतं, असं मी स्वतःला सांगते. त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग म्हणाल्या, आधीचे तीन दिवस ही फिल्मच नाही, फिल्म ही आहे: निवडणारे हात दाखवा आणि वर हा आवाज ठेवा. पण तिची परवानगी घ्या. त्या म्हणाल्या ते बरोबर आहे, आई. मी एकदा तसं लावून बघितलं. हात मेथी निवडताहेत आणि आवाज म्हणतोय, मला इथून ने. मला इतकं चांगलं काही कधी जमलेलं नाही.

म्हणून मी काकूंकडे गेले आणि सरळ सांगितलं. त्या देठं मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा आवाज बरा येतो का गं?"

"छान येतो, काकू."

"कोण बघणार?"

"वर्गातले. शुक्रवारी दाखवणार आहेत. तुमचा मुलगाही येईन म्हणालाय."

"मग नको." पाच मिनिटांनी त्यांनी डब्यात लाडू भरून दिले. दारापर्यंत आल्या. मी बूट घालत होते. "की दाखवच?" त्या म्हणाल्या. "मी सांगायची तर नाहीच त्याला. तुझ्या मशीननं सांगितलं तर..." आणि थांबल्या. "नको. नको बाई. तूच बघ काय ते."

मीच बघायचं. तू असतीस तर मला ठाऊक आहे काय म्हणाली असतीस, आणि तरी मला खात्री वाटत नाही. तू गप्प राहिलीस ते लोकांसाठी की नोकरीसाठी, हे मी कधी विचारलं नाही. काकूंना कुणीतरी ऐकायला हवं आहे की कुणीच ऐकू नये असं वाटतंय, तेही मला कळत नाही. आणि ही काळजी त्यांची आहे की माझ्या फिल्मची, हे तर मुळीच नाही.

तेव्हा शुक्रवारी कुणाला काय द्यायचं ते इथंच लिहून ठेवते, म्हणजे आयत्या वेळी माझं मन बदलणार नाही. वर्गाला नुसती मेथीची फिल्म, फोनशिवाय. प्रोफेसरांना तीच, आणि सोबत एक ओळ, की ही अपुरी आहे हे मला माहीत आहे. काकूंच्या मुलाला त्याच्या आईच्या हातांचे फोटो, त्यानं मागितलेत. आणि तोंडी एवढंच, की दुपारी एकदा घरी फोन करत जा. काकूंना त्यांचा आवाज, पेन ड्राइव्हवर, त्यांच्याच हातात. त्याचं काय करायचं ते त्या ठरवतील. वहिनींना मुंजीचं शूटिंग, कबूल केलंय म्हणून. मी हे शिक्षण मध्येच सोडलं तर कॅमेरा लेकीला. हे पत्र कुणालाच नाही.

आवाजाची एक प्रत माझ्या कॉम्प्युटरवर आहे. पुसायला दोनदा बसले. दोन्ही वेळा ऐकली, आणि ठेवून दिली.