बाबांची गाडी कुणी का घेऊ नये

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता येणार नाही, पाठ धरली आहे. कारण पुढे येईलच.) तुझा खोकला कसा आहे? वहिनींना विश्रांती देतोस की अजून पाहुणे बोलावणं चालूच? इकडे सगळे बरे. ही बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलते आहे.

तुझा निरोप पंधरा दिवसांपूर्वीच मिळाला. बाबांच्या जुन्या अमेरिकन गाडीला तू गिऱ्हाईक शोधलंस, ते रविवारी बघायला येणार, आणि मी तोवर गाडी शेडबाहेर काढून तिचे सगळे दोष कागदावर लिहून ठेवायचे, म्हणजे मागाहून कटकट नको. गाडी तुझ्या नावावर, तेव्हा मी काय बोलणार? लिहितो. हातचं काही राखत नाही.

पहिला दोष लांबीचा. ढकलत बाहेर काढली तेव्हा तिचं तोंड समोरच्या छापखान्याच्या पायरीशी पोचलं आणि मागचा भाग अजून आपल्या शेडमध्येच होता. गल्ली बंद. पण एकानेही हॉर्न वाजवला नाही रे! लोक स्कूटरवरून उतरून बघत राहिले. छापखानेवाले (आपला चेंडू कधी परत न देणारे तेच) शाईचे हात तसेच वर धरून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "पंधरा वर्षं ही आमच्या समोर होती?" मी हो म्हटलं. मलाही ते खरं वाटत नव्हतं.

दुसरा दोष चाकांचा. पुढच्या डाव्या चाकातली हवा गेली होती, म्हणून ते काढायला घेतलं. नट हलेना. पान्ह्याच्या दांड्याला नळाचा पाइप लावून लांब केला, त्यावर मी उभा राहिलो, मग शेजारचे कंपाउंडर उभे राहिले, मग आम्ही दोघांनी एकमेकांचे खांदे धरून उड्या मारल्या. असं तीन दिवस. दोन बोल्ट तुटले आणि माझी पाठ गेली. चौथ्या दिवशी ही चहा घेऊन आली, पदराने एका बोल्टचं टोक पुसलं आणि म्हणाली, "इथे एक बारीक अक्षर आहे. पलीकडच्या चाकावर नाहीये." बाबांच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, डावीकडचे नट उलटे फिरतात. तीन दिवस तुम्ही ते आवळत होतात."

दादा, मी तिथेच फरशीवर बसलो. चाक पुढे धावताना नट आपोआप सैल पडू नये म्हणून एका बाजूला उलटे आटे! आपले बाबा शाळेत पाढे म्हणत असतील, तेव्हा समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात कुणाच्या तरी मनात हे आलं. कधी न भेटलेल्या माणसांच्या चाकाची एवढी काळजी! (आपल्या फ्लॅटचं दार तीनदा दुरुस्त करूनही लागत नाही, हे आठवून मला लाज वाटली.) तरी हा दोषच धरावा. सामान्य माणसाच्या अकलेबाहेरची गाडी आहे.

तिसरा दोष आवाजाचा, म्हणजे आवाज येतच नाही. मिस्त्रींनी तुटलेले बोल्ट बदलले आणि आठवडाभर खपून इंजिन चालू केलं. आठ सिलिंडर, पण मला वाटलं बंदच पडलं, म्हणून मी पुन्हा चावी फिरवली. ते चालूच होतं; आतून जी किंकाळी आली, तिने मिस्त्रींचा चहा सांडला. ते मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पुढे रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं की गाडीला जरा उशिराने कळतं, ब्रेक दाबला की ती थांबायचं ठरवते, आणि पेट्रोल पंपावरचा माणूस मला बघून खुर्चीतून उठतो. पुढची सीट मात्र तीच, सलग. मध्ये आपण दोघे दाटीवाटीने बसायचो, त्या जागेवर हात ठेवला आणि मला रडू आलं. (हे गिऱ्हाइकाला सांगू नकोस.)

सारांश, शहाण्या माणसाने ही गाडी घेऊ नये.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पाकीट बंद करणार तोच गिऱ्हाईक एक दिवस आधीच हजर. तुझ्या सूचनेप्रमाणे दोषांचा कागद, म्हणजे हेच पत्र, पुढे केला. उभ्याउभ्या त्याने पत्र वाचलं, नटांचा भाग दोनदा, आणि चष्मा पुसून म्हणाला, "अकरा जुन्या गाड्या घेतल्या मी. दोष सांगताना एवढा हरखलेला माणूस पहिलाच भेटला." आता त्याला हीच गाडी हवी, म्हणशील त्या किमतीला. मी माणूस पळवून लावायला बसलो होतो आणि गाडी खपवून उठलो. हे पोचेपर्यंत त्याचा फोन तुला आलाच असेल.

ता. क. २. आता सरळच लिहितो. मला गाडी विकायची नाही. पण कागदांवर सही तुझी लागते, आणि मोठ्या भावाला नाही म्हणायची मला सवय नाही. म्हणून तू सही करायला स्वतः ये. स्टेशनवर घ्यायला मी तीच गाडी आणतो. तिथून घरापर्यंत तू चालव. मग कर सही, पेन मी देईन.