लोलकांचा फोटो आणि तुझं मिरचीचं रोप

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. (रीत आहे म्हणून देते आहे. हात उचललाय तो नेमका कशासाठी, ते पुढे कळेलच.) तुझा खोकला कसा आहे? भावजयीची कंबर बरी आहे ना? तिला म्हणावं, राग तिच्यावर नाही, तिने खुशाल चहा पीत हे वाचावं. तुझ्या बाल्कनीतल्या मिरचीच्या रोपाची खुशाली मात्र मी विचारणार नाही. ती मला पानन् पान ठाऊक आहे.

पत्र कागदावर का, तर फोन केला की तू हसतोस आणि सेटिंगमध्ये जा म्हणतोस (ते सेटिंग कुठल्या गल्लीत आहे देव जाणे), आणि ईमेल जातच नाही. क्लाउडवरची जागा भरली म्हणे! फोटोंनी जागा भरली तर ईमेलने का अडावं, हे मला आत्ता आत्ता कळलं. फोटो आणि ईमेल सगळं एकाच कपाटात कोंबलेलं असतं, आणि ते कपाट तू, भावजय आणि मी असं तिघांत मिळून आहे. कोणी किती जागा खाल्ली तेही तिथे दिसतं रे बाबा! माझी एवढीशी रेघ, भावजयीची त्याहून बारीक, आणि तुझी या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात काय भरलंय ते विचारायलाच नको, रोज लिंक पाठवतोस ना. मिरचीचं रोप सकाळी, मिरचीचं रोप दुपारी, मिरचीच्या रोपाला पाणी घालताना. अरे, रोप हलत नाही! न हलणाऱ्या वस्तूचा व्हिडिओ कशाला? आणि तोही मूळ दर्जात, जरासुद्धा बारीक न करता!

आता माझं ऐक. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने तीन झुंबरांपैकी एक मला धुवायला आणि दुरुस्तीला दिलं. हे नीट झालं आणि उद्घाटनाआधी वर चढलं, तर बाकीची दोन्ही माझी. नाही झालं तर त्या दारात पुन्हा पाय ठेवायची सोय नाही. इतकी वर्षं मी काय करत आले? झुंबर उतरवण्याआधी काचेच्या प्रत्येक लोलकाला त्याच्या जागेची चिठ्ठी बांधायची. काम कंटाळवाणं, मान मोडते, पण चूक होत नाही. तूच शहाणपणा शिकवलास की चिठ्ठ्या कसल्या बांधतेस, चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घे, शिडीवरून एकच मोठा फोटो काढ, मग हवा तेवढा वाढवून बघ. घेतला फोन. काढला फोटो. वाढवून पाहिला तर लोलकाचा पैलू न् पैलू दिसत होता. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी तुझं कौतुकही केलं. (परत घेते.)

मग फोन भरला आणि त्याने विचारलं, जागा मोकळी करू का? तूच सांगून ठेवलं होतंस, असं विचारलं की बिनधास्त हो म्हण, फोटो वर क्लाउडवर सुखरूप असतात. म्हटलं हो. फोनमधला फोटो गेला. वरचा उघडला तर दिसायला तोच, छान, झगझगीत. पण वाढवायला गेले तर काय! लांब लोलक, आखूड लोलक, सहा पैलूंचा, आठ पैलूंचा, सगळा नुसता पांढरा चिखल! कारण मागच्या महिन्यात घरी आलास तेव्हा मला न विचारता तू माझ्या फोनमध्ये जागा वाचवायचं बटण दाबून गेलास. म्हणजे वर जाणारा माझा प्रत्येक फोटो आधी पिळून बारीक करायचा. विचारलं तर म्हणालास, डोळ्यांना फरक कळत नाही. अरे, नुसतं बघणाऱ्याला नसेल कळत! मला वाढवून बघायचं होतं, आणि एकदा पिळलेलं परत फुगत नाही हे तुला माहीत होतं, मला नव्हतं. माझ्या पोटापाण्याचा फोटो पिळायचा आणि तुझी मिरची अखंड ठेवायची, हा कुठला न्याय?

आणि ऐकायचंय? व्यवस्थापकाने उद्घाटन अलीकडे ओढलं, तसं ईमेलनं कळवलंही. ती ईमेल माझ्यापर्यंत आलीच नाही. कपाटात तुझी मिरची! तो नाट्यगृहात येऊन बघतो तर लोलक चादरीवर पसरलेले आणि मी मध्ये बसलेली. लोलक वजनाला सारखे नसतात रे. एका बाजूला जड लागले की अख्खं झुंबर कलंडतं, आणि खाली माणसं बसणार. तो नुसतं घड्याळ बघून गेला. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तुझ्यामुळे वाटली, हे लिहून ठेवते.

भावजयीला आशीर्वाद. तुला काय ते भेटल्यावर.

तुझीच (इलाज नाही),
ताई

ता. क. : गडबडीत पत्र टाकायचं राहिलं. काल झुंबर चढवलं. आठवेल तसं, अंदाजाने आणि तुला शिव्या घालत. आधी कलंडलं, पुन्हा उतरवलं, जड लोलक इकडचे तिकडे केले, तेव्हा कुठे सरळ राहिलं. व्यवस्थापक मान वर करून बघतच राहिला. उरलेली दोन मलाच देतोय.

ता. क. २ : एका अटीवर. त्याच्या फोनची जागा भरली आहे आणि नातीचे फोटो वर चढत नाहीत. मी सांगून बसले की माझा भाऊ यातला मोठा जाणकार आहे. (दुसरं काय सांगणार होते?) तेव्हा शनिवारी ये. आणि त्याला विचारल्याशिवाय एकही बटण दाबू नकोस.

ता. क. ३ : पाकिटात फडक्यात गुंडाळलेला एक लोलक आहे. झुंबर पूर्ण झाल्यावर हा हातात उरला. कुठला ते मला कळत नाही, आणि तुझ्या कृपेने फोटोतही कळत नाही. व्यवस्थापकाला अजून माहीत नाही. येताना घेऊन ये. याची जागा वर चढून तूच शोधायची आहेस. तुला उंचीची भीती वाटते, ठाऊक आहे मला. घाबरू नकोस, शिडी मीच धरणार आहे. फक्त माझा राग अजून गेलेला नाही, तेवढं लक्षात ठेवून चढ.