लोला पुरिंगची साळ

लोस बान्योस, लागुना
१२ जुलै १९८८

प्रिय लोला,

तुझा हात इथूनच कपाळाला लावते, नातीला आशीर्वाद दे. गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतायत ना? आम्ही वर्गातले अठराही जण सहलीला सुखरूप पोचलो. बोटीत फक्त रोडेलला उलट्या झाल्या, पण त्याने आमच्या सगळ्यांच्या वाट्याच्या करून घेतल्या.

ही भात-संशोधन संस्था मोठी आहे. बियाण्यांच्या कोठीत इतकी थंडी की कोट घालून जावं लागतं. कोट चारच, म्हणून पाळीपाळीने कुडकुडलो. जेवण चांगलं आहे. हवाही चांगली आहे.

मी हवेबद्दल लिहायला लागले म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तू ओळखलंच असशील.

वादळानंतर उरलेलं शेवटचं बियाणं तू चुलीवर टांगलेल्या मडक्यातून काढून दिलंस. ‘त्यांच्या कोठीत ठेव, म्हणजे पुढच्या वादळाच्या बापालाही सापडायचं नाही,’ म्हणालीस. पण संस्थेचं पत्र इंग्रजीत होतं: ‘राइस’चा नमुना आणा. आपल्याकडे साळ वेगळी, तांदूळ वेगळा, शिजला की भात. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द! मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या लोकांपुढे टरफलासकट काय न्यायचं? गावातल्या इस्कोकाकांच्या गिरणीत सगळी साळ सडून आणली. तांदूळ कसा पांढराशुभ्र!

कोठीच्या प्रमुख डॉक्टर ओफेलियांनी पिशवीत हात घातला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

“अगं बये, हे पेरायचं की शिजवायचं?”

“तुम्ही म्हणाल तसं, माम.”

सगळे खो खो हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, “पोरी, यातून आता काही उगवायचं नाही.” मी तिथेच भोकाड पसरलं. लोला, मला तुझं रिकामं मडकं दिसत होतं.

“रडू नकोस,” रोडेल म्हणाला, “निदान जेवणाची तरी सोय झाली.” मी पिशवीच त्याच्या डोक्यात हाणली. तांदूळ टेबलभर सांडला. तो भरता भरता रोडेल ओरडला, “मिन्दा! हा बघ, टरफलासकट!”

इस्कोकाकांची गिरणी! जिच्या नावाने तू रोज जेवताना बोटं मोडतेस, घासाघासाला साळ दाताखाली येते म्हणून! आम्ही अठरा जण, आमचे बेल्त्रान सर आणि स्वतः डॉक्टरीणबाई सुपं घेऊन बसलो. सत्तेचाळीस दाणे निघाले.

माम ते कुंड्यांत पेरणार आहेत. पीक आलं की अर्धं कोठीत, अर्धं टपालाने तुला. अर्जावर तुझं नाव लिहिलं. जातीचं नाव विचारलं, तर मी म्हटलं, आम्ही नुसतं ‘आमची साळ’ म्हणतो. त्यांनी तेच लिहिलं.

उरलेल्या तांदळाचा भात केला. मामनी तीनदा मागून घेतला. मी रडत रडत दोनदा.

इस्कोकाकांना आता काही बोलू नकोस. काय बोलायचं ते मला बोल. वीस तारखेला ऐकायला घरी येतेय.

तुझी नात,
(शेतकी कॉलेज, तिसरं वर्ष)
मिन्दा